पुठ्ठ्याचं प्रदूषणाचं मॉडेल करायचंय, सातवीतल्या मुलीला, हातात दहा दिवस आहेत

इचलकरंजीची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, आजपासून बरोबर दहा दिवस. बाईंनी चिठ्ठ्या टाकून विषय वाटले आणि हिच्या वाट्याला प्रदूषण आलं. अट एकच की मॉडेल पुठ्ठ्याचं पाहिजे, थर्माकोल आणलं तर टेबलावर मांडूच देणार नाहीत. मला ते पटलं पण, प्रदूषणाचं मॉडेल आणि तेच थर्माकोलचं हे बरोबर दिसत नाही, आणि २०१८ पासून आपल्याकडे थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीवर बंदीच आहे.

वीसेक व्हिडिओ बघून झाले. सगळीकडे तेच, डाव्या बाजूला हिरवी झाडं, उजव्या बाजूला काळा कारखाना, चिमणीत कापूस, मधे एक पाटी पृथ्वी वाचवा. मुलगी म्हणाली आई हे मागच्या वर्षी तिघांनी आणलं होतं आणि तिघांनाही सरांनी विचारलं हे चालतं काय, तर कुणालाच काही सांगता आलं नाही. तिला नदीचं करायचंय. आमच्यापासून पंचगंगा चालत दहा मिनिटांवर, उन्हाळ्यात पुलावरून बघितलं तर पाणी दिसतच नाही, या काठापासून त्या काठापर्यंत केंदाळ म्हणजे जलपर्णी, तिला वाटतं मैदानच आहे. तिचा प्रश्न असा की पाणी घाण होतं म्हणजे नक्की काय होतं, आणि मासे कशाने मरतात. मला नीट सांगता येईना.

घरात फ्रिजचा मोठा खोका आहे. काल तळाचा पुठ्ठा कापून त्यावर फेव्हिकॉलने निळा कागद लावला तर सकाळी उठून बघतो तर पापडासारखा वाकलेला. पोरगी रडकुंडीला आली. तर एक म्हणजे पुठ्ठा सरळ कसा ठेवायचा, दुसरं पुठ्ठ्यात खरं पाणी वाहतं ठेवता येईल का, आणि तिसरं म्हणजे मॉडेलमध्ये दाखवायचं काय. विकत तयार मॉडेल मिळतात ते नको आहे, तिला स्वतःलाच करायचंय. नवरा यंत्रमागावर शिफ्टला असतो त्यामुळे मदतीला मी एकटीच.

खोकीवाला

ताई मी अठरा वर्षं कोरूगेटेड खोक्यांच्या युनिटला आहे त्यामुळे पुठ्ठ्याचं मी सांगतो, विज्ञानाचं दुसरे कुणीतरी सांगतील.

पुठ्ठा का वाकला तर तुम्ही एकाच बाजूला ओला गोंद लावला. कागद ओला झाला की फुगतो आणि वाळताना आवळतो, दुसरी बाजू कोरडीच, मग आवळलेल्या बाजूकडे सगळं वळतं. उपाय सोपा आहे, जेवढा कागद वर लावाल तेवढाच खाली पण लावा, रद्दी पेपर चालतो, आणि फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून पातळ करू नका, जुन्या टूथब्रशने पातळ थर फिरवा. मग दोन्ही बाजूला प्लॅस्टिकचा कागद ठेवून वर गॅसची टाकी नाहीतर तांदळाचा डबा रात्रभर ठेवा.

बेससाठी एकच पुठ्ठा घेऊ नका. फ्रिजचा खोका म्हणजे पाच प्लाय असणार, कडेला बघा आत नागमोडी कागदाच्या दोन ओळी दिसतील. त्याला आम्ही फ्लूट म्हणतो, बारीक नळ्या असतात. पुठ्ठा नळीच्या दिशेने ताठ असतो आणि आडवा दाबला की मोडतो. म्हणून दोन तुकडे घ्या, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, एकमेकांवर चिकटवा. प्लायवूड असंच बनतं, मग ते वाकत नाही, वर पाण्याची बाटली ठेवली तरी.

आता नदीचे काठ. काठ वळणावळणाचे लागणार, तर पट्टी कापताना नळ्या उभ्या राहतील अशी कापा, म्हणजे पट्टी लांब आणि नळ्या तिच्या उंचीत. अशी पट्टी हातात घेतली की चटईसारखी वळते. नळ्या लांबीत आल्या तर ती पट्टी वळणार नाही, मोडेल. आणि घडी घालायची तिथे कटर मारू नका, संपलेल्या रिफिलने नाहीतर चमच्याच्या दांड्याने दाबून रेघ ओढा आणि मग दुमडा. आमच्या मशीनवर क्रिझिंग म्हणतात ते हेच.

पाण्याचं म्हणाल तर पुठ्ठा आणि पाणी यांचं जमत नाही, ऑइलपेंट मारला तरी कापलेल्या कडेतून पाणी शिरतंच, नळ्या सरळ आत ओढून घेतात. रंगावर भरवसा ठेवू नका, अस्तर घाला. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, उभ्या कापून सपाट करा आणि नदीच्या पात्रात अंथरा. फेव्हिकॉल प्लॅस्टिकला धरत नाही, तपकिरी पॅकिंगची चिकटपट्टी घ्या. कटर मुलीच्या हातात देताना खाली लोखंडी पट्टी धरायला शिकवा, आणि नवीन ब्लेड द्या, बोथट ब्लेडला जोर लावायला लागतो आणि मग हातावर येतं.

विज्ञानाच्या_बाई

मी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. तालुक्याच्या प्रदर्शनांना परीक्षक म्हणून पुष्कळदा जाऊन आले. तुमच्या मुलीचा प्रश्न फार चांगला आहे, मासे कशाने मरतात. मॉडेल त्या एका प्रश्नावरच करा, बाकी हवा, ध्वनी, ओझोन यातलं काही घुसडू नका.

आधी नदी खरी करा. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त मानलेली सरस्वती. प्रयाग चिखलीला संगम होतो आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. ही लांबी साधारण ८० किलोमीटर धरतात. मग एक सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर धरा. ८० सेंटीमीटरची सुतळी घ्यायची, मोबाइलवर नकाशा उघडून मुलीने ती पुठ्ठ्यावर नदीसारखी वळणं देत मांडायची. एवढ्या वळणांत ती दोन-अडीच फुटांच्या पुठ्ठ्यात सहज बसते. मग प्रत्येक ठिकाण सुतळीवर मोजून खूण करायची: कोल्हापूरचा घाट, जयंती नाला मिळतो ती जागा, कसबा बावड्याचा राजाराम बंधारा, पुढे रुई, इचलकरंजी, तेरवाड, कुरुंदवाड. परीक्षकांनी विचारलं की हा बंधारा इथेच का लावलास, तर तिला सांगता येईल मी मोजून लावलाय.

आता मासे. बहुतेकांना वाटतं घाण पाण्यात काहीतरी विष असतं आणि त्याने मासे मरतात. कधी कधी असतं पण. पण नेहमीचं कारण वेगळं आहे, मासे गुदमरतात. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो, अगदी थोडा, २५ अंशाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम. मासे टिकायला निदान ४ तरी लागतो असं आपल्याकडचं मानक आहे. सांडपाणी, साखर कारखान्याची मळी, कापडाची खळ, निर्माल्य, हे सगळं जंतूंचं खाद्य. खाद्य मिळालं की जंतू वाढतात, आणि ते खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात. माशांना उरत नाही. पुस्तकात बीओडी म्हणून येतं ते हेच, जंतूंना ते सगळं खायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. आंघोळीच्या पाण्यात ते लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नसावं.

इचलकरंजीच्या मुलीला हे फार सोपं जाईल कारण सायझिंग म्हणजे काय ते तिला माहीत आहे. सुताला खळ देतात म्हणजे पीठच देतात, कापड विणून झालं की प्रोसेसला ती खळ धुऊन काढतात. ते धुवण पाण्यात गेलं की जंतूंना जेवणच वाढलं.

हे दिसायला कसं करायचं तर मिथिलिन ब्लू. निळा रंग आहे, पाण्यात ऑक्सिजन असेपर्यंत निळा राहतो आणि जंतूंनी ऑक्सिजन संपवला की रंग उडतो. पूर्वी डेअरीत दूध किती खराब झालंय ते यानेच तपासायचे. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या, दोन्हीत सारखंच कोमट पाणी, दोन्हीत अर्धा अर्धा चमचा बेकरीचं यीस्ट, एकीत वर दोन चमचे साखर, दोन्हीत रंगाचे सारखेच थेंब. घड्याळ लावून बसायचं. साखरेची बाटली आधी पांढरट होईल. बूच लावून जोरात हलवली की परत निळी, कारण हवा मिसळली. खळ घालून बघू नका, यीस्टला पीठ पचत नाही, साखरच घ्या. नदीतले जंतू मात्र पीठही पचवतात, हे तिला माहीत असू दे, कुणीतरी विचारेल.

रंग किती थेंब ते ठरवायला आधी दोनदा करून बघा. जास्त झाला तर तासभर निळाच राहतो.

शिरोळचा_शेतकरी

बाईंनी सांगितलं ते वाचून अंगावर काटा आला कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि कारण मला आज कळलं.

आमचं रान नदीकाठाला आहे, शिरोळ तालुक्यात. उन्हाळ्यात पाणी द्यायची पाळी रात्रीची असते, लाईट रात्रीचीच मिळते, त्यामुळे पहाटे मोटर बंद करायला नदीवर जातो. एका पहाटे बॅटरी मारली तर पाण्यावर सगळी तोंडं. मासे असे उभे राहून तोंड पाण्याच्या वर काढून उघडझाप करत होते, शेकडो, आणि आवाज यायचा बारीक चप चप चप. मला वाटलं काहीतरी खायला आलेत वर. दिवस उगवला आणि दहा वाजेपर्यंत काठाला पांढरी रेघ लागली होती मेलेल्या माशांची. पाण्याला मळीचा वास होता. पोरं पोती घेऊन मासे धरायला आली त्यांना आम्ही हाकलून लावलं, खाऊ नका म्हणून. तेरवाडच्या बंधाऱ्याला तर असे मेलेल्या माशांचे थर कितीदा पेपरात आलेत.

ताई मॉडेलमध्ये बंधारा चालता करा. आपल्याकडचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे दगडी खांब आणि मधल्या गाळ्यांत बर्गे, म्हणजे फळ्या. पावसाळा संपला की बर्गे घालतात, पाणी अडतं, पाऊस लागायच्या आधी काढतात. आईस्क्रीमच्या काड्या बर्गे म्हणून खाचेत वरून सरकवता येतील. बर्गे घातले की पाणी थांबतं आणि थांबलेल्या पाण्यात केंदाळ वाढतं, हे नदीकाठचं कुणीही सांगेल. बंधारा वाईट आहे असं मात्र लिहू नका, त्याच पाण्यावर आमची शेती आहे. त्यात वरून काय सोडतात ते वाईट आहे.

विज्ञानाच्या_बाई

शिरोळच्या दादांनी पहाटेचं सांगितलं ते अगदी बरोबर. दिवसा पाण्यातल्या वनस्पती ऊन घेऊन ऑक्सिजन सोडतात, रात्री त्यासुद्धा नुसता वापरतात, म्हणून पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. ती तोंडं वर काढतात कारण वरच्या पातळ थरात हवेतून थोडा मिळतो. उन्हाळ्यात पाणी गरम असतं, गरम पाण्यात मुळात कमी विरघळतो, त्यात नदीला ओघ नसतो. हे तिच्या चार्टवर जरूर घ्या, नकाशाशेजारी एक घड्याळ काढून पहाटे पाचला लाल खूण.

डिप्लोमावाला

मी इलेक्ट्रॉनिक्सला आहे, कोल्हापुरात. ताई एक टीडीएस मीटर घ्या, ऑनलाइन दोनशेच्या आसपास मिळतो, नाल्याच्या पाण्यात बुडवला की आकडा दिसतो, परीक्षक आकडा बघून खूश होतात. मी बारावीला तेच केलं होतं, एलईडी पण लावले होते, पाणी चांगलं तर हिरवा, घाण तर लाल.

विज्ञानाच्या_बाई

बाळा उत्साह चांगला आहे पण इथे तो मीटर फसवेल. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. चांगल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात म्हणून तिथे आकडा मोठा येईल, आणि मैला मिसळलेल्या पाण्यात तुलनेने कमी येऊ शकतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती काविळ मैलामिश्रित पाण्यातल्या विषाणूने होते, आणि विषाणू असला मीटर दाखवतच नाही. त्या मुलीच्या घरातल्या मोठ्यांना ती साथ आठवत असेल. तिथे तिने हिरवा दिवा लावून पाणी चांगलं म्हणून सांगणं मला बरोबर वाटत नाही.

आकडा पाहिजे असेल तर गढूळपणा मोजा. उंच सरळ काचेच्या ग्लासाखाली कागदावर काळी फुली काढायची, वरून बघत बघत पाणी ओतायचं, फुली दिसेनाशी झाली की थांबून पट्टीने उंची मोजायची. नळाचं पाणी, शेतातल्या चराचं पाणी, भांडी धुतलेलं पाणी, तिन्हीचे आकडे शेजारी शेजारी. नाल्याचं पाणी मात्र मुलीला भरायला पाठवू नका.

आणि साबणासाठी हळद. गाळणकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायच्या, धुण्याच्या पावडरचं पाणी लागलं की पट्टी लालभडक होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात तोच गुण.

डिप्लोमावाला

हो बाई, मला तेव्हा हे कुणी सांगितलं नाही. आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं असंच मी सगळ्यांना सांगत होतो. ताई मग माझ्याकडून दुसरं घ्या, नाला करायला मेडिकलमधून सलाईनची नळी आणा, नवी कोरी. तिच्यावर चाक असतं, थेंब कमी जास्त करता येतात. काळ्या पाण्याची बाटली स्टँडवर उलटी, नाल्याच्या जागी नळीचं तोंड. मुलगी चाक तसंच ठेवून दाखवेल की नाला तेवढाच आहे पण नदीचं पाणी कमी केलं की सगळी नदी काळी होते, आणि नदीचं वाढवलं की नाला दिसेनासा होतो. सगळ्यांना लगेच कळतं की उन्हाळ्यात काय होत असेल.

चंद्रपूरची_मावशी

आमच्याकडे नदी राहू द्या, हवेचंच पाहा. इथे २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत, सकाळी गाडीवर बोटाने नाव लिहिता येते. माझ्या भाचीनं पुठ्ठ्याचे पोस्टकार्डाएवढे पांढरे तुकडे केले, त्यावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला आणि तीन ठिकाणी टांगले, एक घराच्या आत, एक गच्चीवर, एक मोठ्या रस्त्याच्या कडेला, पाच दिवस. मग भिंगातून एका चौकोनातले कण मोजले. तारीख आणि जागा मागं लिहायला विसरू नका, आमचे दोन तुकडे अदलाबदल झाले होते आणि सगळं परत करावं लागलं. ज्यांना हवा विषय मिळाला त्यांनी हे करून पाहा, खर्च काहीच नाही. तुमच्या पोरीला शुभेच्छा.

इचलकरंजीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सहा दिवस झाले, कुठपर्यंत आलंय ते सांगते.

खोकीवाल्या दादांनी सांगितलं तसा बेस केला, उभे आडवे दोन पुठ्ठे, दोन्ही बाजूला रद्दी, वर रात्रभर तांदळाचा डबा. सकाळी एकदम पाटासारखा सरळ. सुतळी तिनेच मांडली, दोन तास लागले, शिरढोणच्या वळणाला सारखी सुटत होती मग टाचण्या मारल्या. पश्चिमेकडची बाजू दोन बोटं उचलली, खाली काड्यापेट्या. सह्याद्रीकडचे डोंगर पुठ्ठ्याचे थर एकावर एक लावून केले आणि वर पेपरचा लगदा.

पहिल्यांदा पाणी सोडलं ते रुईच्या बंधाऱ्यापाशी गळलं. पिशव्या वरून खाली लावत गेलो होतो, म्हणजे खालच्या बाजूची पिशवी वरच्या पिशवीवर चढली होती आणि पाणी सांध्यात शिरत होतं. माझी सासू बघत होती, ती म्हणाली अगं कौलं कशी लावतात, खालून वर लावत येतात. मग सगळं काढून नृसिंहवाडीकडून सुरू केलं, प्रत्येक वरची पिशवी खालच्यावर चार बोटं. आता थेंब गळत नाही.

पण खरी गंमत बाटल्यांची झाली. पहिल्यांदा रंग जास्त पडला, निळाच्या निळा. दुसऱ्यांदा तीन थेंब. साखरेची बाटली नऊ मिनिटांत पांढरी पडली, बिनसाखरेची तेव्हा अजून निळी होती, ती बऱ्याच वेळाने फिकी झाली. आणि पोरगी एकदम ओरडली, आई वर बघ. पांढऱ्या बाटलीत अगदी वरच्या टोकाला, पाणी हवेला लागतं तिथे, बोटाच्या नखाएवढी निळी कड राहिली होती. बाकी सगळं दुधासारखं आणि वर निळी बांगडी. ती म्हणाली हीच ती जागा, शिरोळच्या काकांचे मासे इथेच तोंड काढत होते. मला काही बोलताच येईना दोन मिनिटं.

मग तिने स्वतःच तिसरी बाटली केली, साखरेचीच, पण वर खायच्या तेलाचा बोटभर थर दिला, म्हणाली हे केंदाळ. तिच्यात ती निळी बांगडी जवळजवळ नाहीच राहिली. बाई हे बरोबर आहे का, की आम्ही काहीतरी चुकीचं समजतोय? परीक्षकांनी विचारलं तर?

विज्ञानाच्या_बाई

बरोबर आहे. तेलाने हवा आत यायला अडथळा झाला, केंदाळानेही तसाच होतो. फरक एवढा सांगायचा की केंदाळ ही वनस्पती आहे, ते ऊनही अडवतं म्हणजे खालच्या वनस्पतींना ऑक्सिजन करता येत नाही, आणि मेल्यावर कुजतं तेव्हा परत जंतूंचं खाद्य होतं. तेल यातलं काही करत नाही. हे तिने आपणहून सांगितलं की माझं मॉडेल इथपर्यंतच खरं आहे, तर कुठलाही परीक्षक खूश होईल. मी असते तर उठून तिच्या पाठीवर हात ठेवला असता. निळी बांगडी मी इतकी वर्षं हा प्रयोग करून घेतला तरी माशांशी कधी जोडली नव्हती.

प्रदर्शनात दर अर्ध्या तासाला नवी बाटली लागेल. यीस्ट, साखर पुड्या बांधून न्या, कोमट पाण्याला थर्मास.

शिरोळचा_शेतकरी

पोरीला सांगा काकांनी वाचलं म्हणून. मळीचा वास मॉडेलला देता येत नाही तेवढं बरं आहे. कसबा बावड्याला कोल्हापूरच्या सांडपाण्याचं ७६ एमएलडीचं शुद्धीकरण केंद्र आहे ते पण तिने नकाशावर दाखवावं, म्हणजे रोज ७ कोटी ६० लाख लिटर पाणी स्वच्छ करायची त्याची ताकद. नुसती घाण दाखवली तर पोरांना वाटतं काहीच होत नाही. गावोगाव मूर्ती आणि निर्माल्य दान घेतात ते पण दाखवा, आमच्याकडे पोरंच काठावर उभी राहतात अनंत चतुर्दशीला.

इचलकरंजीची_आई

काल प्रदर्शन झालं. जास्त लांब लिहीत नाही. शुद्धीकरण केंद्र म्हणून काडेपेटीचा डबा आणि आत वाळू कापूस लावला होता, त्यावर सरांनी विचारलं खऱ्या केंद्रात कापूस असतो का, तर ती म्हणाली नाही, तिथे हवा सोडून जंतूंनाच घाण खायला लावतात, नदीत जे होतं तेच पण टाकीत, म्हणजे नदीतला ऑक्सिजन वाचतो. हे मी तिला शिकवलं नव्हतं, तिने कुठून वाचलं माहीत नाही. तालुक्याला निवड झाली आहे.

बर्गे काढघाल करायला तर लहान पोरांची रांग लागली होती, दोन काड्या मोडल्या. शाळेच्या शिपाई मामांनी बाटली हलवून निळी केली आणि परत पांढरी होईपर्यंत तिथेच उभे राहिले. ते कुरुंदवाडचे आहेत. म्हणाले लहानपणी आम्ही घाटावर पाण्यातला तळ बघायचो.

नवीन_सदस्य_सांगली

ताई अभिनंदन. माझा मुलगा सहावीत आहे, आम्हाला पण हे करायचंय, फक्त ते मिथिलिन ब्लू कुठे मिळालं? केमिस्टकडे विचारलं तर नाही म्हणाले.

इचलकरंजीची_आई

शोभेचे मासे विकतात ना त्या दुकानात. माशांना बुरशी लागली की टाकीत घालतात तेच औषध, छोटी बाटली येते, स्वस्त असते आणि तुम्हाला वर्षभर पुरेल. घेताना बाटलीवरचं नाव वाचून घ्या कारण तिथे दुसरी पण निळी औषधं असतात. हातमोजे घाला, मुलाला जुना शर्ट घाला, ओट्यावर पेपर अंथरा. आमच्या पोरीच्या युनिफॉर्मच्या बाहीवर एक थेंब पडला तो तीन धुण्यात पण गेला नाही.